'यादृच्छिक'मध्ये इच्छा नाही

प्रश्न असा आहे: 'यादृच्छिक आलेख' (random graph; आलेख म्हणजे इथे बिंदू आणि त्यांना जोडणारे दुवे यांचं जाळं) म्हणजे मनाला येईल तशा रेघा मारलेला आलेख का? आणि तसं असेल तर त्यावरून जाळ्यातले गट कसे काय शोधतात?

यादृच्छिक म्हणजे मनमानी नव्हे, हे कितीदा सांगायचं! 'यद् + इच्छा' अशी फोड करणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की 'यदिच्छा' व्हायचं सोडून मधे ऋ कुठून टपकला? शब्द आहे यदृच्छा, धातू ऋ, म्हणजे जाणे, पोचणे. आपसूक येऊन ठेपतं ते. गीतेतला 'यदृच्छालाभसंतुष्ट' न मागता मिळालेल्यावर खूश असतो, तिथे इच्छा घुसवली की श्लोकच आडवा. 'स्वैर आलेख' सुचवणारे तर आगीतून फुफाट्यात: स्वैर म्हणजेच स्वतःच्या मर्जीने चालणारा.

आपसूक घडणाऱ्या गोष्टीलाही दर असतो. २०० बिंदू घ्या, शंभर-शंभरचे दोन गट करा. गटातल्या जोडीत दुवा पडण्याची संभाव्यता ०.१०, दोन गटांतल्या जोडीत ०.०२. प्रत्येक जोडीचा निकाल स्वतंत्र. गटांच्या आत सरासरी ९९० दुवे पडतील, गटागटांत २००. हॉलंड, लास्की आणि लाइनहार्ट या संशोधकांचं १९८३ मधलं प्रारूप (मॉडेल) ते हेच. शोधताना उलट जायचं: दुवे दिसतात, वाटणी दिसत नाही, म्हणून हे दुवे पडणं सर्वांत संभाव्य ठरवणारी वाटणी निवडायची.

दर ०.०७ आणि ०.०५ केले तर दुवे जवळपास तेवढेच, पण गट असूनही हाती लागत नाहीत. दरांना २०० ने गुणा: १४ आणि १०. मोठ्या जाळ्यात गट सापडायला या दोन आकड्यांच्या फरकाचा वर्ग त्यांच्या बेरजेच्या दुपटीहून जास्त लागतो, इथे १६ विरुद्ध ४८. आधीच्या दरांना (२० आणि ४) तो २५६ होता.

साधं प्रारूप आणखी एका ठिकाणी फसतं. झॅकरी या अभ्यासकाने नोंदवलेल्या, भांडणातून दुभंगलेल्या कराटे क्लबाच्या जाळ्यात (१९७७, ३४ सभासद, ७८ दुवे) ते भांडणारे दोन पुढारी एकाच गटात टाकतं, कारण दोघांचे दुवे भरपूर. कॅरर आणि न्यूमन यांनी २०११ मध्ये प्रत्येक बिंदूच्या दुव्यांची संख्या हिशेबात घेतली, तेव्हा हे सुटलं.

आता खरी गंमत. व्याकरणकार पतंजलींनी शब्दांचे चार प्रकार मानले, त्यांतला चौथा यदृच्छाशब्द: 'डित्थ'सारखं, अर्थाशी नातं नसलेलं नाव. प्रारूपाने दिलेले 'गट १', 'गट २' हे अस्सल डित्थ! अदलाबदल करा, संभाव्यता तीच. म्हणून दोन निकाल ताडण्याआधी नावं जुळवून घ्यावीत, नाहीतर तंतोतंत बरोबर वाटणीलाही शून्य टक्के गुण पडतात.