तुमचा प्रवास, तुमचे प्रश्न: सिनेमाचं म्युझियम आणि सासूबाईंचे गुडघे

प्रश्न: ताई, आम्ही जळगावजवळच्या खेड्यातले, सात जण आहोत. मुलांना मुंबईत सिनेमाचं म्युझियम बघायचंय. रात्रीच्या गाडीने जायचं आणि रात्रीच्याच गाडीने परत, हातात एकच दिवस. सासूबाई आत्ताच म्हणताय, "मना गुडघा दुखतस, मी बाहेरच बसस." नेटवर नकाशा बघितला पण काहीच समजत नाही, कुठून सुरू करायचं?

उत्तर: नकाशा नंतर, आधी कॅलेंडर काढा. राष्ट्रीय भारतीय सिनेमा संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि सरकारी सुट्टीलाही बंद, आणि आपण खान्देशी माणसं जातो नेमकं सुट्टी बघूनच. मी स्वतः एकदा बहिणीच्या चार पोरांना घेऊन एका म्युझियमच्या कुलूप लावलेल्या गेटसमोर वडापाव खाल्लाय (कोणतं ते नाही सांगणार, चूक माझीच होती), तेव्हापासून निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारल्याशिवाय मी बॅग भरत नाही.

दुसरं, ते उघडतं अकराला आणि विदर्भ एक्स्प्रेसने तुम्ही सकाळीच सीएसएमटीला पोचणार, मग मधले तीन-चार तास काय करणार? सामान क्लोक रूमला टाका, दशम्या आणि ठेचा तेवढा जवळ ठेवा आणि टॅक्सी काळा घोड्यावरून घ्यायला सांगा. तिथे एक जुनाट, खांबाखांबांची इमारत दिसेल, ते पूर्वीचं वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ ला फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं आपल्या देशात पहिल्यांदा दाखवली ती तिथेच. पुढे गिरगाव. तिथल्या मॅजेस्टिक टॉकीजला १९३१ साली 'आलम आरा' लागला होता, आपला पहिला बोलपट. टॉकीज आता नाही, पण चौपाटी आहे, सासूबाईंना तिथे वाळूत निवांत बसू द्या. म्हणजे म्युझियमचं अर्धं काम गेटच्या बाहेरच होऊन जातं, आणि तेही फुकटात!

आता नकाशा. तुमचा गोंधळ होतोय कारण म्युझियमच्या पेडर रोडवरच्या आवारात इमारती दोन आहेत, एक गुलशन महल हा जुना बंगला आणि दुसरी नवी मजल्यांची इमारत, आणि बरेच लोक एकच बघून परत येतात. गुलशन महलमध्ये इतिहास ओळीने मांडलाय, मूकपट, बोलपट, स्टुडिओंचा काळ, दुसरं महायुद्ध असं करत करत प्रादेशिक सिनेमापर्यंत. नव्या इमारतीत लेव्हल १ ला गांधीजी आणि सिनेमा, २ ला मुलांचा स्टुडिओ, ३ ला तंत्रज्ञान, ४ ला देशभरातला सिनेमा. जाणकार म्हणतील इतिहासापासून सुरू करा. मी म्हणते पोरं सोबत असली तर सरळ लेव्हल २ गाठा, नाहीतर ती मूकपटाच्या पाट्यांसमोरच "मम्मी भूक लागली" सुरू करतील. मग ३, मग जेवण, आणि गुलशन महल दुपारी सावकाश. गांधीजींचा मजला राहिला तर राहिला, मला शिव्या घाला हवं तर.

गेटवर पोचलात की नकाशाच्या बोर्डाचा मोबाईलवर फोटो काढा आणि तिथल्या माणसाला फक्त तीन गोष्टी विचारा, लिफ्ट, बाथरूम आणि बसायचे बाक कुठे आहेत, आणि फोटोवर बोटाने गोल करून ठेवा. दालनांची नावं कोणी लक्षात ठेवत नाही हो, बाथरूम मात्र सगळ्यांना लागतं. आणि सासूबाईंना बाहेर अजिबात बसवू नका. यात्रेत तंबू टॉकीज बघितलेली पिढी आहे ती, मूकपटांच्या दालनात मुलांना त्याच गोष्टी सांगतील, पाट्यांवर काय लिहिलंय ते कोण वाचतंय मग.

आधार कार्ड सगळ्यांचं ठेवा, सरकारी आवार आहे.

प्रश्न: आम्ही अमळनेरहून येणार. आम्हालाही सीएसएमटीच पडेल का?

उत्तर: नाही भाऊ, तुमची खान्देश एक्स्प्रेस सुरतेवरून पश्चिम रेल्वेने येते, तुम्ही उगाच मध्य रेल्वेच्या सीएसएमटीला कशाला जाता! चर्चगेटकडची स्लो लोकल धरा, ग्रँट रोडला उतरा आणि तिथून टॅक्सी. नऊ-दहाच्या गर्दीत मात्र पिशव्या घेऊन लोकलमध्ये शिरू नका, त्यापेक्षा स्टेशनवर चहा घेत बसा.