सातवीतलं प्रेम लिहिताय? मग आधी दोस्त लिहा

तुमची कथा वाचली. मुलगा-मुलगी गोड आहेत, पण दोघं फार बोलतात हो. बारा वर्षांचा पोरगा "तुझ्याशिवाय करमत नाही" म्हणत नाही. तो तिच्या डोळ्यात संत्र्याच्या सालीचा रस उडवतो आणि मग दिवसभर तिच्या बाकाकडे बघत नाही.

खरी गंमत मधल्या दोस्ताची. निरोप तोच नेतो, सरांचा मार तोच खातो आणि ती रडली तर "काऊन रडून रायली?" असंही तोच विचारतो. त्याला दोन पानं जास्त द्या. मला तर अशा कथांमध्ये प्रेमापेक्षा तोच लक्षात राहतो.

नागपूर नुसतं नावापुरतं नको. तुम्ही शाळा 15 जूनला उघडलीत! उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. ते जास्तीचे दिवस तिची वाट बघण्यात घालवा की. फुटाळा तलावावरची संध्याकाळ गाळली तरी चालेल, तिथं सगळेच लेखक जातात. त्यापेक्षा पोळ्याचा दुसरा दिवस घ्या. इतवारी-महालातली मारबतीची (इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीची) गर्दी, "घेऊन जा गे मारबत"चा ओरडा, चुकामूक होऊ नये म्हणून दोस्ताचा धरलेला शर्ट. त्याच दिवशी तान्हा पोळा असतो. तिचा धाकटा भाऊ लाकडी बैल सजवून निघतो, आणि बैल बघायच्या निमित्तानं हिरोला तिच्या दारात उभं राहता येतं.

चिठ्ठीतला मजकूर मात्र छापू नका. आणि तो 'आज वीस वर्षांनी'वाला परिच्छेद आधी काढा, मग पुन्हा पाठवा.