मदरबोर्ड बदलला की विंडोज परत विकत घ्यायचं का?

प्रश्न : नमस्कार सर, माझं घरूनच लग्नाच्या अल्बमचं डिझायनिंगचं काम चालतं. 2018 ला पीसी असेंबल करून घेतला होता, सातव्या जनरेशनचा आय फाइव्ह, विंडोज 10 प्रो. आता त्यावर विंडोज 11 बसत नाही म्हणून मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलायचं ठरवलंय, एसएसडी तीच राहील. दुकानदार म्हणतो विंडोज नवीन घ्यावंच लागेल, भाचा म्हणतो काही नको, अकाउंट लिंक कर झालं. कोणाचं ऐकू? तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो, तेव्हा मशीन बंद ठेवून चालत नाही.
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, दोघांपैकी कोणाचंही बरोबर निघू शकतं, कारण तुमचं लायसन्स कुठल्या प्रकारचं आहे हे दोघांनीही बघितलेलं दिसत नाही. आणि ते जुना बोर्ड चालू आहे तोवरच बघायचं, एकदा बोर्ड निघाला की मग नुसती धावपळ.

स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, काळी विंडो उघडेल, त्यात इंग्रजीत एस एल एम जी आर, मग स्पेस, स्लॅश आणि डी एल आय असं टाकून एंटर मारा. थोड्या वेळात एक छोटी खिडकी येते, तिच्यात डिस्क्रिप्शनच्या ओळीत शेवटी रिटेल (सुटं विकत घेतलेलं), ओईएम (पीसीसोबतच बसवून दिलेलं) किंवा व्हॉल्यूम यापैकी एक शब्द दिसेल. सगळं गणित त्या शब्दावर आहे.

रिटेल असेल तर भाचा जिंकला. ते लायसन्स तुमचं, नव्या बोर्डवर नेता येतं, फक्त एका वेळी एकाच मशीनवर चालवायचं. आधी सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिवेशनच्या पानावर जाऊन मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडून ठेवा (ही सोय 2016 पासून आहे), नवीन बोर्ड बसला की त्याच पानावरच्या ट्रबलशूटमध्ये 'नुकतंच हार्डवेअर बदललं' असा पर्याय येतो, तिथे त्याच अकाउंटने लॉगिन करून आपला पीसी निवडायचा. विंडोज 11 चं अपग्रेड त्यावर फुकटच आहे.

ओईएम आलं तर मात्र दुकानदाराचं बरोबर, ते लायसन्स पहिल्या बोर्डला बांधलेलं असतं, अकाउंट लिंक केलं म्हणून नियम बदलत नाही. रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड बदला, काही होत नाही, पण स्वतःच्या हौसेने बोर्ड बदलला तर नवीन लायसन्स. बोर्ड खराब झाला म्हणून कंपनीने तसाच दुसरा बसवून दिला तर ते चालतं, तुमची केस ती नाही. आणि विंडोज 7 वरून फुकट 10 झालेलं असलं तरी मूळचं ओईएम ते ओईएमच राहतं, इथे खूप जण फसतात.

व्हॉल्यूम दिसलं तर वाईट वाटतंय सांगायला, पण हे लायसन्स कंपन्या, कॉलेजं यांच्यासाठी असतं, घरच्या मशीनवर ते निघालं म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी 'की' (लायसन्सचा कोड) तुमच्या पीसीत टाकलेली आहे किंवा क्रॅकच मारलेला आहे. तुम्ही तेव्हा पैसे मोजले असतील तरी ते लायसन्स तुमचं नव्हतंच, त्यामुळे ट्रान्सफरचा प्रश्नच येत नाही. नवीन घ्यायचंच झालं तर रिटेलच घ्या, थोडं महाग पडतं पण पुढच्या बोर्डवर सोबत येतं. आणि हो, तीनचारशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या कीच्या नादी अजिबात लागू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे दोघांनीही सांगितलं नाही. धिस पीसीमध्ये ड्राइव्हवर कुलपाचं चिन्ह दिसतंय का बघा. दिसलं तर ड्राइव्ह कुलूपबंद ठेवणारं विंडोजचं बिटलॉकर चालू आहे, म्हणजे बोर्ड बदलल्यावर एसएसडी 48 आकडी रिकव्हरी की मागणार, आणि ती नसली तर लोकांच्या लग्नाचे फोटो आत अडकले समजा. ती की आधीच कागदावर लिहून ठेवा, किंवा बिटलॉकर बंद करून कुलूप पूर्ण निघेपर्यंत थांबा, आणि काहीही असलं तरी सगळ्या फाइली एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेतल्याशिवाय कॅबिनेट उघडू देऊ नका.

अपग्रेड करायचा निर्णय बरोबरच आहे, विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. फक्त दिवाळीच्या आधी उरकून घ्या, आणि ओईएम निघालं तर जुना बोर्ड दुकानात भंगारात देऊ नका, त्याचं लायसन्स त्याच्यासोबतच राहतं, घरात कोणाला टायपिंग शिकायला तेवढं मशीन पुष्कळ आहे.