संगणकावर काम करताना विश्रांतीची आठवण करून देणारे सॉफ्टवेअर खरोखर उपयोगी पडते का? पडत असल्यास कोणते वापरावे?

तुम्ही लिहिले आहे की अंधेरीच्या कार्यालयात दिवसभर एक्सेलमध्ये नोंदी कराव्या लागतात, संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात, उजवे मनगट दुखते, आणि असे एक सॉफ्टवेअर बसवूनही त्याच्या सततच्या सूचनांना कंटाळून तुम्ही ते काढून टाकले. माझ्या मते अशा सॉफ्टवेअरचा निश्चित उपयोग होतो. मात्र हातांना लागणारी विश्रांती वेगळी आणि डोळ्यांना लागणारी वेगळी असते, आणि आपले सॉफ्टवेअर या दोहोंपैकी नेमके काय मोजते हे पाहून घेतले नाही तर ते नुसतेच त्रासदायक वाटते. मी दादरला अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन अशी दोन्ही कामे करते, त्यामुळे हा फरक मला रोज जाणवतो.

आधी हातांचे पाहू. त्यासाठी वर्करेव्ह हे मोफत सॉफ्टवेअर मला सर्वांत विचारपूर्वक केलेले वाटते. ते विंडोज आणि लिनक्सवर चालते. ते घड्याळाकडे पाहत नाही, कीबोर्ड आणि माऊस प्रत्यक्ष किती वेळ चालले हे मोजते. फोन आला आणि तुम्ही हात काढून घेतलेत, की त्याची मोजणी थांबते. पुरेसा वेळ थांबलात तर तीच विश्रांती धरून मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. मूळ सेटिंगनुसार दर ३ मिनिटांनी ३० सेकंदांची छोटी विश्रांती, दर ४५ मिनिटांनी १० मिनिटांची मोठी विश्रांती आणि दिवसाला ४ तासांची मर्यादा असते. हे ४ तास वाचून बहुतेक जण बिचकतात, पण ते खुर्चीत बसण्याचे तास नसून हात प्रत्यक्ष चालण्याचे आहेत, हे लक्षात घ्यावे. विश्रांतीची वेळ झाली की पडदा एकदम अडवला जात नाही. आधी एक लहानशी सूचना येते, हातातले वाक्य किंवा आकड्यांची ओळ पूर्ण करून तुम्ही हात उचललेत की विश्रांती आपोआप सुरू होते, आणि टंकन चालूच ठेवलेत तर सूचना पुन्हा येते. ही सवलत फार मोलाची आहे, कारण अर्धवट शब्दावर थांबायला लावणारे सॉफ्टवेअर कोणीच फार दिवस ठेवत नाही.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र हीच पद्धत अपुरी पडते. मी जेव्हा लांबलचक प्रकरणाची मुद्रिते पडद्यावर वाचत असते, तेव्हा मधूनमधून एखादी वेलांटी किंवा अनुस्वार दुरुस्त करण्यापलीकडे हात हलत नाहीत. सॉफ्टवेअरला वाटते की मी विश्रांती घेत आहे, आणि प्रत्यक्षात डोळे एक क्षणही हटलेले नसतात. वर्करेव्हमध्ये अशा कामासाठी वाचनाची वेगळी पद्धत दिलेली आहे, ती निवडल्यास कळा न दाबताही मोजणी चालू राहते. तुमचाही निम्मा वेळ ताळे जुळवून पाहण्यात जात असेल, तर ही सोय जरूर वापरा.

डोळ्यांसाठी अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ जेफ्री अँशेल यांनी १९९० च्या दशकात सुचवलेला २०-२०-२० चा नियम प्रसिद्ध आहे. दर २० मिनिटांनी, २० सेकंद, २० फुटांवरच्या वस्तूकडे पाहायचे. २० फूट म्हणजे सुमारे ६ मीटर. तेवढ्या अंतरावर पाहताना डोळ्याच्या भिंगाला आकार देणारा स्नायू जवळजवळ सैल पडतो. मुंबईत अडचण अशी की घरात किंवा कार्यालयातील क्युबिकलमध्ये २० फूट मोकळे अंतर सहसा मिळतच नाही. त्यामुळे आपल्या जागेवरून दिसणारी एखादी ठरावीक लांबची वस्तू आधीच हेरून ठेवावी. माझ्या टेबलावरून रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याची टाकी दिसते, आणि पावसाळ्यात खिडकी बंद असली की मी पॅसेजच्या टोकाच्या दाराकडे पाहते. चुरचुरण्याचे कारण मात्र बहुतेक वेळा वेगळे असते. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या मिटणे खूप कमी होते, अश्रूंचा थर सुकतो, आणि एसीचा झोत चेहऱ्यावर येत असेल तर तो आणखी लवकर सुकतो. म्हणून त्या २० सेकंदांत पापण्या सावकाश, पूर्ण मिटून उघडाव्यात, आणि झोताची दिशा बदलून घ्यावी.

डोळ्यांचा त्रास अधिक असेल तर स्ट्रेचली पाहा. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, मोफत आहे, आणि मूळ सेटिंगनुसार दर १० मिनिटांनी २० सेकंद व दर अर्ध्या तासाने ५ मिनिटे थांबवते. लिनक्सवर ग्नोम हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांना तर मार्च २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या ४८ व्या आवृत्तीपासून विश्रांतीच्या आठवणीची सोय अंगभूतच मिळाली आहे.

तुम्ही सॉफ्टवेअर काढून टाकलेत याचे मला आश्चर्य वाटत नाही. मूळ सेटिंग जशीच्या तशी ठेवली की सूचना दिसताच ‘वगळा’ दाबण्याची सवय लागते, आणि एकदा ती लागली की सॉफ्टवेअर असून नसल्यासारखे होते. माझा सल्ला असा की छोटी विश्रांती १० ते १५ मिनिटांनी ठेवावी, पुढे ढकलण्याची मुभा राहू द्यावी, पण वगळण्याचे बटण पहिल्या दिवसापासूनच सेटिंग्जमधून काढून टाकावे. मोठी विश्रांतीही लहान आणि वारंवार असलेली बरी. ब्रिटनमधील एचएसई ही कामाच्या ठिकाणचे आरोग्य आणि सुरक्षितता पाहणारी सरकारी संस्थासुद्धा दर दोन तासांनी २० मिनिटे थांबण्यापेक्षा दर तासाला ५ ते १० मिनिटे थांबणे चांगले, असेच सांगते. त्या ५ मिनिटांत मोबाईल हातात घेतला तर डोळे आणि अंगठा दोघेही पुन्हा कामालाच लागतात. परतीच्या लोकलमध्ये तासभर मोबाईलवर मालिका पाहणाऱ्यांनी तोही वेळ पडद्याच्याच हिशेबात धरावा, कारण संगणकावरील कोणतेही सॉफ्टवेअर तो मोजत नाही.

कार्यालयाच्या लॅपटॉपवर स्वतः काही बसवण्याची परवानगी नसेल तर आयटी विभागाला लेखी विनंती करा. दुखण्याचा उल्लेख केल्यास ती सहसा गांभीर्याने घेतली जाते. मायक्रोसॉफ्ट टीम्स या कार्यालयीन संवादाच्या ॲपवर आपण ‘अनुपस्थित’ दिसू, या भीतीने अनेक जण उठत नाहीत. ती खूण साधारण ५ मिनिटे हालचाल नसल्यावर येते, त्यामुळे छोट्या विश्रांतीने काहीच बिघडत नाही. मात्र अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री झोपेतून जाग येत असेल, तर ते कार्पल टनेल सिंड्रोमचे, म्हणजे मनगटातील नस दाबली जाण्याच्या विकाराचे, लक्षण असू शकते. अशा वेळी सॉफ्टवेअरच्या भरवशावर न राहता अस्थिरोगतज्ज्ञांना हात दाखवा आणि रोज किती तास टंकन करता हेही त्यांना सांगा. वर्करेव्ह बसवलेले असेल तर त्यातील रोजची आकडेवारी त्यासाठी उपयोगी पडेल.