गोव्यातल्या मोपा विमानतळाहून मुंबईचं सकाळचं विमान कंपनीनं रात्रीवर ढकललं, पूर्ण पैसे मिळतील का?

हो, मिळायला हवेत. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमानुसार देशांतर्गत विमान ६ तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल, तर पर्यायी विमान घ्यायचं की सगळे पैसे परत, हे प्रवासी ठरवतो. तुमचा बदल त्याहून मोठा आहे.

एक मात्र सांभाळा. घाईनं अ‍ॅपवरचं साधं ‘तिकीट रद्द करा’ बटण दाबू नका. ते तुम्ही स्वतःहून रद्द केल्यासारखं धरलं जातं आणि शुल्क कापलं जातं. नवी वेळ ‘मान्य’ही करू नका. वेळ बदलल्याच्या मेसेजमधली लिंक वापरा, नाहीतर ईमेलवर लेखी मागा: ‘नवी वेळ मान्य नाही, पूर्ण परतावा द्या.’ माझ्या भावानं कुडाळहून घाईत रद्द करून टाकलं आणि निम्मे पैसे सोडवायला महिनाभर भांडला, म्हणून इतकं सांगतोय.

क्रेडिट शेल, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच ठेवलेली रक्कम, तुमच्या संमतीशिवाय गळ्यात मारता येत नाही. एजंटाकडून तिकीट काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच. पावसाळ्यात हवामानाचं कारण आलं तर वेगळी नुकसानभरपाई मिळणार नाही, पण तिकिटाचे पैसे ही निराळी गोष्ट आहे.

दाद लागली नाही तर विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठी असलेल्या सरकारी एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका, मेसेजचे स्क्रीनशॉट जोडून. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच. आणि मुंबईत सकाळीच काम असेल तर आदल्या रात्रीची कोकणकन्या आत्ताच बघून ठेवा, थिवीला किंवा सावंतवाडीला मिळेल.