मुख्य दारासाठी वसंत ऋतूचे रीथ, म्हणजे दारावर टांगायचे पानाफुलांचे गोल कडे, बनवताना फुले गळू नयेत आणि ते भरगच्च ढिगासारखे दिसू नये, यासाठी काय करावे?

आपण विचारले आहे की, वेलीचे तयार कडे आणून त्यावर ग्लू गनने कृत्रिम फुले चिकटवली, तरी थोड्याच दिवसांत ती सुटू लागली, आणि चार पावले मागे जाऊन पाहिले तर दारावर नुसता रंगीत ढीग दिसतो; मग रीथ बांधावे तरी कसे? मी गेली अनेक वर्षे स्वतःच्या आणि मित्रमंडळींच्या दारांसाठी अशी रीथ बनवत आले आहे, आणि माझ्या मते आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. फुले एकेकटी सुटी लावली गेली आणि ती केवळ गोंदाच्या भरवशावर राहिली. तीच फुले पानांसह लहान लहान जुड्यांत बांधून, एका ठरलेल्या दिशेने तारेने कड्याला आवळली आणि कड्याचा बराचसा भाग मोकळा ठेवला, तर या दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी दूर होतात.

सुरुवात मापापासून करावी. दार साधारण ९० सेंटिमीटर रुंद असेल, तर तयार रीथचा व्यास ४५ ते ६० सेंटिमीटर असावा. पाने आणि फुले कड्याच्या बाहेर सर्व बाजूंनी डोकावतात, म्हणून मूळ कडे त्याहून लहान, ३५ ते ४० सेंटिमीटरचे पुरते. वसंत ऋतूच्या हलक्या सजावटीसाठी द्राक्षवेलीचे किंवा लवचिक डहाळ्यांचे कडेच मला सर्वांत योग्य वाटते, कारण ते उघडे राहिले तरी देखणे असते आणि त्याच्या काटक्यांच्या फटींत देठ खोवता येतात. फोमचे किंवा पेंढ्याचे कडे पूर्ण झाकावे लागते, आणि तिथूनच गर्दी सुरू होते. कडे घरीच वळायचे असेल तर नुकत्याच छाटलेल्या वेली घ्याव्यात, किंवा वाळलेल्या वेली सहज वाकेपर्यंत काही तास पाण्यात भिजत ठेवाव्यात. ओल्या वेलीवर मात्र लगेच फुले बांधू नयेत. वेल वाळताना आक्रसते आणि आवळलेली तार सैल पडते.

फुले कोणती घ्यावीत, हे रीथ किती काळ टिकवायचे आहे यावर अवलंबून आहे. ट्युलिप आणि डॅफोडिल ही वसंताची खरी ओळख असली, तरी ताजी फुले पाण्याशिवाय लवकर मान टाकतात. एखाद्या दिवसाच्या समारंभासाठी ती हवीच असतील, तर प्रत्येक देठ पाणी भरलेल्या छोट्या नळीत बसवून नळ्या पानांआड लपवाव्यात. डॅफोडिलच्या कापलेल्या देठातून पाझरणारा चिकट रस इतर फुलांना अपाय करतो, म्हणून ती आधी काही तास वेगळ्या पाण्यात ठेवावीत. अनेक आठवडे टिकवायचे असेल तर कृत्रिम फुले घ्यावीत, किंवा स्टॅटिस, स्ट्रॉफ्लॉवर, लॅव्हेंडर अशी वाळूनही रंग धरणारी फुले वापरावीत. पुसी विलोच्या मऊ, लोकरीसारख्या कळ्यांच्या डहाळ्या मला विशेष प्रिय आहेत. त्या पाण्यात न ठेवता तशाच सुकू दिल्या तर कळ्या त्याच अवस्थेत राहतात; पाण्यात ठेवल्यास पुढे उमलतात आणि परागकण सांडू लागतात. वाळलेले साहित्य पावसात टिकत नाही, त्यामुळे दारावर छप्पर नसेल तर कृत्रिम फुलेच बरी. त्यांचेही रंग थेट उन्हात हळूहळू उडतात. अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा स्प्रे मारल्यास ते थोडे लांबते एवढेच.

रंगांच्या बाबतीत माझा आग्रह असा की, हिरवी पाने फुलांपेक्षा नेहमी जास्त असावीत. गडद दारावर पांढरी, फिकट पिवळी आणि फिकी जांभळी फुले उठून दिसतात. पांढऱ्या दारावर तीच फुले हरवून जातात, तिथे थोडे गडद रंग हवेत.

आता मुख्य काम, म्हणजे जुडी. कृत्रिम देठांच्या आत तार असते, त्यामुळे ते कात्रीऐवजी पकडीने १२ ते १५ सेंटिमीटर लांबीचे कापावेत. सर्वांत मागे लांब पान, त्यापुढे थोडी खाली बारीक फुलांची काडी आणि सर्वांत पुढे, आणखी खाली, एक लहान फूल, अशी जुडी हातात धरावी आणि देठांवर बारीक तारेचे दोन-तीन वेढे द्यावेत. ही जुडी कड्यावर किंचित तिरकी ठेवून, देठ आणि कडे दोन्हींना मिळून तीन घट्ट वेढे द्यावेत आणि देठाचे टोक वेलीच्या काटकीखाली सरकवावे. पुढची जुडी अशी ठेवावी की तिची फुले आधीच्या जुडीचे देठ झाकतील, जशी छपरावरची कौले एकमेकांवर येतात. एक जुडी किंचित बाहेरच्या कडेकडे, दुसरी आतल्या कडेकडे आणि तिसरी मधोमध झुकवली, तर कड्याला जाडी येते आणि तार कुठूनही दिसत नाही. बांधून झालेल्या जुडीला बोटाने हलवून पाहावे. ती जागची सरकली तर वेढे सैल आहेत आणि ते उलगडून पुन्हा द्यायला हवेत.

संपूर्ण कडे भरायचे असेल तर सर्व जुड्यांची तोंडे एकाच दिशेला असावीत. परंतु आपल्याला गर्दी खटकते आहे, म्हणून मी चंद्रकोरीची मांडणी सुचवेन. कडे घड्याळाची तबकडी आहे असे मानल्यास, डाव्या बाजूने दहाच्या आकड्यापासून खाली पाचच्या आकड्यापर्यंतचा भाग भरावा आणि उरलेली वेल उघडी ठेवावी. सुरुवात दोन्ही टोकांपासून करावी. जुड्यांची तोंडे बाहेरच्या टोकांकडे असावीत आणि बांधत बांधत आत यावे. दोन्ही भुजा आठाच्या आकड्याजवळ भेटतील, म्हणजे एक भुजा आखूड आणि दुसरी लांब होईल; दोन्ही समान ठेवल्यास मांडणी फार बेतीव दिसते. भुजा जिथे भेटतात तिथे देठांची टोके समोरासमोर येतात, आणि ती झाकण्यासाठीच मोठी फुले असतात. तिथे तीन मोठी फुले, वेगवेगळ्या उंचीवर आणि थोड्या वेगवेगळ्या दिशांना वळवून, तारेने बसवावीत. रिबनचा बो हवा असेल तर तो याच ठिकाणी, मोठ्या फुलांपैकी एक कमी करून लावावा. कडेला तार असलेली रिबन घेतल्यास बोच्या पाकळ्या वाऱ्यातही आकार धरून राहतात.

हे सारे टेबलावर आडवे ठेवून पूर्ण करू नये. मध्ये मध्ये कडे भिंतीवर टांगून दुरून पाहावे, कारण वरून भरलेले वाटणारे रीथ उभे केल्यावर खालून उघडे पडते.

ग्लू गनचा उपयोग आहे, पण दुय्यम. गरम करून लावायचा हा गोंद उन्हात तापलेल्या दारावर मऊ पडतो, कडक थंडीत ठिसूळ होतो, आणि दार आपटले की प्रत्येक वेळी त्याला हादरा बसतो. बाहेर काचेचे दुसरे दार असेल तर दोन दारांमधली हवा आणखी तापते. आपली फुले सुटण्यामागे बहुधा यांपैकीच एखादे कारण असावे. म्हणून वजन तारेने पेलावे आणि गोंद फक्त शेवाळाचे तुकडे, सुटे मणी, लहान फळे अशा हलक्या वस्तूंसाठी ठेवावा. एक काम मात्र गोंदानेच करावे: पुष्कळशा कृत्रिम फुलांचा माथा देठावर नुसता खोचलेला असतो, तो आधीच ओढून काढून, गोंदाचा थेंब लावून परत बसवावा.

टांगताना रीथचा मध्य डोळ्यांच्या पातळीवर, साधारण १५० सेंटिमीटर उंचीवर यावा. दाराला छिद्र पाडायचे नसेल तर वरच्या कडेवर अडकणारा चपटा हुक वापरावा. दार पोलादी असेल तर चुंबकाचा हुकही चालतो. कड्याच्या मागे फेल्टचे तुकडे लावल्यास दाराचा रंग खरवडला जात नाही. वारा जास्त असेल तर खालच्या बाजूलाही एक लहान चिकट हुक लावून कडे तारेने अडकवावे. याच ऋतूत लहान पक्षी कधी कधी अशा रीथमध्ये घरटे करतात. घरट्यात अंडी दिसली तर पिल्ले उडून जाईपर्यंत रीथ हलवू नये आणि शक्य असल्यास दुसऱ्या दाराने ये-जा करावी.

ऋतू संपल्यावर रीथ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, कारण वेलीत थोडा ओलावा राहिला तर बुरशी धरते. पुठ्ठ्याच्या खोक्यात, फुलांवर दाब येणार नाही असे ठेवावे, किंवा तारा कापून जुड्या उतरवाव्यात आणि तेच कडे पुढच्या ऋतूच्या पानाफुलांसाठी वापरावे.