गोवा कोकणात आहे, पण महाराष्ट्रात नाही : ‘प्रदेश’ आणि ‘राज्य’

एका वाचकाचा प्रश्न आला आहे. त्यांच्या सहावीतल्या मुलाने वहीत लिहिलं, ‘गोवा कोकणात आहे.’ त्यावर लाल फुली मारून शेजारी शेरा आला : ‘गोवा हे स्वतंत्र राज्य आहे.’ वडील विचारतात, चूक कोणाची? आणि प्रदेश व राज्य यांत नेमका फरक काय?

मुलाचं वाक्य बरोबर आहे. शेराही खरा आहे. पण शेऱ्यामुळे वाक्य चुकीचं ठरत नाही, कारण मुलगा प्रदेशाबद्दल बोलतोय आणि शेरा राज्याबद्दल.

दोन्ही शब्दांचे धातूच बघा. ‘देश’ आणि ‘प्रदेश’ आले ‘दिश्’ धातूवरून, म्हणजे दाखवणे. दिशा, निर्देश, आदेश ही त्याचीच भावंडं. डोंगराच्या कड्यावर उभं राहून ‘हा सगळा खालचा भाग’ असं हाताने दाखवता आलं की प्रदेश झाला. ‘राज्य’ मात्र ‘राजन्’पासून. तिथे नुसतं दाखवून भागत नाही, कोणाचा तरी अंमल लागतो. मुलं खेळताना ‘आता राज्य कोणावर?’ असं विचारतात, ते मला फार आवडतं. राज्य कोणावर तरी यावं लागतं, ते एकाकडून दुसऱ्याकडे जातं. प्रदेशावर असं काही ‘येत’ नाही.

बांद्याहून पत्रादेवीकडे गाडीने गेलात तर हे डोळ्यांनी दिसतं. वाटेत सिंधुदुर्ग संपतो आणि गोवा सुरू होतो. अलीकडे जांभ्या दगडाची कुंपणं, पलीकडेही तीच. माड, काजू, लाल माती, जूनमधला धो धो पाऊस, ताटातली माशाची आमटी, काही म्हणता काही बदलत नाही. बदलतात त्या गाड्यांच्या पाट्या, पंपावरचे दर आणि पोलिसांच्या बाहीवरचं चिन्ह. जे बदललं नाही ते कोकण, आणि जे बदललं ते राज्य. कोकण रेल्वेला तर महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक अशी तीन राज्यं ओलांडावी लागतात, तरी तिचं नाव एकच.

राज्याला जन्मतारीख असते. गोवा पोर्तुगीजांकडून सुटला १९ डिसेंबर १९६१ला, पुढे दमण आणि दीवसह केंद्रशासित राहिला आणि ३० मे १९८७ला राज्य झाला. त्या दिवशी मांडवी नदी इंचभरही सरकली नाही. महाराष्ट्राची तारीख १ मे १९६०. कोकणची तारीख कोणी सांगू शकेल का? उलटही घडतं. सौराष्ट्र १९४८पासून १९५६पर्यंत राज्य होतं. मग ते मुंबई राज्यात गेलं, १९६०मध्ये गुजरातचा भाग झालं. राज्य म्हणून सौराष्ट्र संपलं, पण राजकोटचा माणूस आजही स्वतःला सौराष्ट्राचाच म्हणवतो.

हद्दीचंही तसंच. राज्याची हद्द कायद्याने ठरते आणि ती बदलायची तर संसदेत कायदा करावा लागतो. कोकण कुठे संपतं? कोणी कारवारपर्यंत म्हणेल, कोणी त्याच्याही खाली. प्रदेशाच्या कडा अशाच, पाण्यात भिजलेल्या शाईसारख्या पसरट, आणि तो त्यांचा दोष नव्हे.

घोळ होतो तो तिसऱ्या शब्दामुळे : विभाग. सरकारी ‘कोकण विभागात’ सात जिल्हे आहेत, मुंबई शहरापासून सिंधुदुर्गापर्यंत. त्यात गोवा नाही, असणारही नाही, कारण विभाग राज्याच्या पोटातच असतो. ‘गोवा कोकण विभागात आहे’ असं मुलाने लिहिलं असतं तर फुली योग्य होती. खानदेशाचं उदाहरण याच्या उलट आहे. आज त्या नावाचा ना जिल्हा, ना विभाग. जळगाव, धुळे, नंदुरबार कागदोपत्री नाशिक विभागात मोडतात. तरी अहिराणी कानावर पडली की आपण खानदेशात आहोत हे सांगावं लागत नाही. माणदेश तर सातारा, सांगली, सोलापूर अशा तीन जिल्ह्यांतल्या तालुक्यांत पसरलेला.

मराठीची एक खुबी इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘यंदा देशात पाऊस कमी’ आणि ‘यंदा देशावर पाऊस कमी’ ही वाक्यं वाचून पाहा. पहिल्यात भारत आहे, दुसऱ्यात सह्याद्रीच्या पूर्वेचं पठार. शब्द एकच, पण ‘त’ लावला की राष्ट्र आणि ‘वर’ लावला की प्रदेश! कोकणातला माणूस घाट चढून वर जातो म्हणून ‘देशावर’, ‘घाटावर’, आणि परत येताना कोकणात ‘उतरतो’. जमिनीचा चढउतार असा थेट व्याकरणात शिरलेला आहे.

शब्दांची सरमिसळ मात्र आहे, ती मान्य करायला हवी. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, हिमाचल प्रदेश ही नावाने प्रदेश, पण दर्जाने राज्यं. पक्षांचा ‘प्रदेशाध्यक्ष’ राज्याचाच अध्यक्ष असतो. इंग्रजांच्या काळचे प्रांत कधीच गेले, पण दुसऱ्या राज्यातल्या माणसाला आपण ‘परप्रांतीय’ म्हणतो आणि तालुक्याच्या गावी ‘प्रांत ऑफिस’ला खेटे घालतो. म्हणून विशेषनामात शब्द कोणता आला आहे यावर जाऊ नये. त्या नावाने विधानसभा भरते का, ते बघावं. अपवाद दिल्ली, पुदुच्चेरी आणि जम्मू-काश्मीरचा. तिथे विधानसभा आहे, पण ते केंद्रशासित प्रदेश आहेत.

विदर्भ आणि मराठवाडा ही नावं तर संविधानाच्या ३७१व्या अनुच्छेदात, महाराष्ट्राच्या संदर्भात, स्पष्ट लिहिलेली आहेत. तिथे त्यांच्यासाठी विकास मंडळांची तरतूद आहे. एवढा मान मिळूनही ती राज्यं ठरत नाहीत. राज्यांची यादी पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्यात ही नावं नाहीत. स्वतंत्र विदर्भाची मागणी करणारे नेमकं हेच मागतात : प्रदेश आहेच, आता राज्य द्या.

तेव्हा त्या वहीत मुलाने आपलं वाक्य तसंच ठेवावं आणि पुढे एवढंच जोडावं, ‘पण महाराष्ट्रात नाही.’